शनिवार-रविवार दिल्ली, सोबत आई: यादीतलं काय ठेवू, काय काढू?

शेवंती | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. या महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिल्लीला जायचं ठरलंय. पुण्याहून शुक्रवारी रात्रीचं विमान, रविवारी रात्री परत. म्हणजे हातात धड दोन दिवस. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई बहात्तर वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, पण 'मी बसते, तुम्ही जाऊन या' म्हणणाऱ्यातली नाही. दिल्ली आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही. नवरा दोनदा ऑफिसच्या कामाने जाऊन आलाय, पण त्याला विमानतळ आणि मीटिंगची खोली सोडून काही आठवत नाही.

यादी अशी: लाल किल्ला, जामा मशीद, चांदनी चौक, राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन, जंतरमंतर, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लोटस टेंपल, अक्षरधाम, राष्ट्रीय संग्रहालय, लोधी गार्डन, पुराना किला, दिल्ली हाट आणि जमलं तर सरोजिनी नगर. एक गाडीवाला म्हणतोय की यातली चौदा ठिकाणं एका दिवसात 'करून देतो'. आईचं एकच मागणं आहे: 'इंडिया गेटपाशी मला घाईनं हलवू नका. बाकी तुमचं तुम्ही बघा.'

काय ठेवू, काय काढू?

करोलबागी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२५
ही सहल नाही, स्कॉलरशिपची परीक्षा आहे. आणि तो गाडीवाला खोटं बोलत नाहीये. चौदा ठिकाणांची फाटकं तो नक्की दाखवेल.

एकोणीस वर्षं दिल्लीत काढली म्हणून सांगतो. दिल्ली हे एक गाव समजून यादी केली की घोळ होतो. इथे दर राजवटीला जुनं गाव सोडून शेजारी नवं वसवायची हौस. मेहरौली, सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद, मग यमुनेकाठी शाहजहानाबाद (त्यातला लाल किल्ला १६४८ मध्ये पुरा झाला), आणि सगळ्यात शेवटी इंग्रजांची नवी दिल्ली. तिची घोषणा १९११ च्या दरबारात झाली आणि उद्घाटन व्हायला १९३१ उजाडलं. ही गावं अजून आपापल्या जागी आहेत, मधली रानं तेवढी भरून निघालीत. लाल किल्ल्यावरून कुतुबला जायचं तर तास जातो, गर्दी लागली तर दीड.

म्हणून अर्ध्या दिवसाला एक गाव, एवढा एकच नियम पाळा.

शनिवारी सकाळी जुनी दिल्ली. किल्ला उघडता उघडता आत शिरा, मग चांदनी चौक. दुपारी हॉटेलवर परत. हो, परत. आईंसाठी आणि तुमच्या आपसातल्या प्रेमासाठी. चारनंतर कर्तव्यपथ आणि इंडिया गेट, दिवे लागेपर्यंत. रविवारी सकाळी हुमायूनची कबर. शेजारीच सुंदर नर्सरी आहे. नावावर जाऊ नका, रोपं विकत घ्यायची जागा नाही ती. मोठी बाग आहे आणि बागेत जुन्या कबरी आहेत. जेवून कुतुब. कुतुब शेवटी का, तर ते विमानतळाच्या अंगाला पडतं. सामान गाडीत टाका आणि तिथूनच परस्पर निघा.

बाकीचं कापा. नशिबाने तुम्ही सोमवार टाळलाय. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल सगळं सोमवारी बंद. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी काढून आलेले आणि बंद दारापुढे फोटो काढून गेलेले पाहुणे मी कितीतरी बघितलेत.

गोदाकाठ | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५
वाचनखूण साठवली.

सदाफुली | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०
अक्षरधाम काढू नका असं माझं मत. आमच्या सासूबाईंना सगळ्यात जास्त तेच आवडलं. फक्त मोबाइल, कॅमेरा, पिशव्या सगळं बाहेर जमा करावं लागतं. चुकामूक झाली तर फोन नाही, म्हणून भेटायची जागा आधी ठरवून ठेवा.

करोलबागी | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:५२
सुंदर आहे, वाद नाही. पण ते २००५ चं आहे आणि अर्धा दिवस गिळतं. दोन दिवसांत दिल्लीची दिल्ली बघायची असेल तर त्याला तिसरा दिवस लागतो.

सदाफुली | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:१०
देवळाचं वय बघून दर्शन घेणारे प्रथमच भेटले. (गंमत म्हणून घ्या.)

बुराडीघाट | ४ फेब्रुवारी, दुपारी १:१५
किल्ल्यात जाणारच आहात तर दिवाण-ए-खासमध्ये वर बघा. हे छत एकेकाळी चांदीचं होतं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा ती चांदी उतरवून नाणी पाडली. आमचे सर शाळेत हे सांगताना आवाज खाली आणायचे.

सदाफुली | ४ फेब्रुवारी, दुपारी १:४०
मग आवाज खाली आणण्यासारखंच आहे ना? दुसऱ्याने केली की लूट आणि आपण केली की मोहीम?

बुराडीघाट | ४ फेब्रुवारी, दुपारी २:३०
बढाई नाही मारत, हिशेब सांगतोय. फौजेचा पगार थकलेला, पैसा कुठून येईना. पाचच महिन्यांनी पानिपत झालं. आणि मयूरासनासकट खरी दौलत नादिरशहाने १७३९ मध्येच उचलून नेली होती, भाऊंच्या वाट्याला छत उरलं होतं.

माझं आयडी बघून लोक विचारतात म्हणून तेही सांगतो. यमुनेच्या बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले. 'बचेंगे तो और भी लडेंगे' ते हेच. ती जागा आजच्या दिल्लीच्या हद्दीत आहे, मेट्रोच्या नकाशात शोधायला गेलं की कसंतरी होतं. पुढे १७७१ मध्ये महादजींनी दिल्ली ताब्यात घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत शाहआलम बादशहा मराठ्यांच्या संरक्षणात राजधानीत परतला. १८०३ मध्ये पटपडगंजला लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि मगच इंग्रज दिल्लीत शिरले. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आता नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली जिंकली ती मराठ्यांशी लढून. पाठ्यपुस्तकात हे वाक्य मला तरी दिसलं नव्हतं.

गोदाकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी २:४१
धागा पानिपतावर पोचला. संक्रांतीला पुन्हा वर काढू.

शेवंती | ४ फेब्रुवारी, रात्री ९:२०
नवऱ्याने बुराडीघाट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आता त्याला किल्ल्यासाठी अख्खा दिवस हवाय. धन्यवाद हं!

आईच्या पायांचं कसं करू? आणि जेवणाचं?

नागपुरी_संत्रं | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५
ताई, मागच्या वर्षी बाबांना घेऊन गेलो होतो, त्यांचेही पाय तसेच. सांगतो बाप्पा नीट.

मेट्रोचा फार आधार वाटला. लिफ्ट आहे, आणि गाडीचा पहिला डबा बायकांचा, तिथे आईंना जागा देतात. पण राजीव चौक आणि कश्मीरी गेटला गाडी बदलायची म्हणजे चालणं होते चांगलंच. जिथे दोनदा बदलावं लागते तिथे सरळ रिक्षा करा. कुतुबमिनार नावाच्या स्टेशनावर उतरले म्हणून मिनार समोर येत नाही, तिथूनही रिक्षाच लागते.

हुमायूनच्या कबरीचा चौथरा उंच आहे, चढ अंगावर येतो. बाबा खालीच बसले. वाईट नाही वाटलं त्यांना, कारण आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला इसा खानची कबर आहे, अष्टकोनी, जमिनीलगत. हुमायूनच्या आधीची, १५४७ ची. तिथे गर्दी कमी. बाबा तासभर पोपट पाहत होते.

तिकिटं फोनवर काढून ठेवा, खिडकीची रांग वाचते. पंधरा वर्षांखालच्या पोराला पुरातत्त्व खात्याच्या जागांवर तिकीट नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ असू द्या.

आणि स्टेशनाजवळ, बाजाराच्या तोंडाशी कोणी येऊन म्हणेल, 'तुमचं हॉटेल बंद झालं', 'रस्ता बंद आहे, दुसरीकडून नेतो'. काही बंद नसते. चालत राहा.

तिखटजाळ | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०
खाण्याचं मी सांगते, बाकीच्यांनी गप्प बसा. परांठेवाली गलीतला परांठा तव्यावरचा नसतो, चक्क तुपात तळलेला असतो. आईंना एकाचा तुकडा द्या. जिलबी जाड असते, आपल्यासारखी कुरकुरीत नाही, गरम असेल तरच खा. थंडी ओसरायच्या आत जाताय तर 'दौलत की चाट' विचारा. नावात चाट असली तरी ती गोड असते: दुधाचा फेस, वर केशर आणि खवा. जिभेवर ठेवेपर्यंत नाहीशी. उन्ह वाढलं की फेस टिकत नाही, म्हणून ती हिवाळ्यातच मिळते आणि सकाळी लवकर संपते. राम लड्डू लाडू नाहीत, मूगडाळीची भजी आहेत, वर किसलेला मुळा. मुलाला आवडतील.

भातावाचून आईंचं अडत असेल तर आंध्र भवनच्या कँटीनची थाळी. कर्तव्यपथापासून जवळ आहे.

निळाई | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५
२६, अलीपूर रोड कोणीच सुचवलं नाही याचं नवल वाटलं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण जिथे झालं ती जागा. ६ डिसेंबर १९५६ ची ती सकाळ आपल्याकडे घराघरात माहीत असते, पण घर कुठे होतं हे दिल्लीत दहा जणांना विचारलं तर आठ जण मान हलवतील. तिथे २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालंय, इमारतीचा आकार उघडलेल्या संविधानाच्या ग्रंथासारखा. चांदनी चौकातून पिवळ्या मेट्रोने सिव्हिल लाइन्सला उतरायचं. तुमच्या शनिवार सकाळच्याच दिशेला आहे.

करोलबागी | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०
मान्य. माझ्या योजनेत ते यायलाच हवं होतं. चूक माझी.

शेवंती | ५ फेब्रुवारी, रात्री १०:५०
आज आईला विचारलं, इंडिया गेटच का? आधी म्हणाली, 'टीव्हीवर बघते ना दर सव्वीस जानेवारीला.' मग भाजी निवडता निवडता बोलली. तिचा मोठा भाऊ फौजेत होता. ७१ च्या लढाईत गेला. मला मामा होता एवढं माहीत होतं, देवघराशेजारी फोटो आहे. पण तिच्या डोक्यात इतकी वर्षं असं बसलंय की इंडिया गेटवर लढाईत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरलीत आणि त्यात दादाचंही आहे. तिला ते बघायचंय. माझ्या आजीला कोणी तरी तसं सांगितलं होतं म्हणे.

नाव सापडेल का? इतक्या नावांत शोधायचं कसं?

तळबीडकर_निवृत्त | ६ फेब्रुवारी, सकाळी ५:५०
ताई, बरं झालं आधी विचारलंत. तुमच्या मामांचं नाव इंडिया गेटवर नसणार.

इंडिया गेट इंग्रजांनी बांधलं. पायाभरणी १९२१, उद्घाटन १९३१. त्यावर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत ती पहिलं महायुद्ध आणि १९१९ चं अफगाण युद्ध यांतल्या सैनिकांची. ७१ नंतर, १९७२ च्या २६ जानेवारीला, त्याच कमानीखाली अमर जवान ज्योती पेटवली. उलटी बंदूक आणि वर हेल्मेट. टीव्हीवर आपण वर्षानुवर्षं ते पाहिलं, म्हणून बऱ्याच घरांत तुमच्या आईंसारखाच समज झालाय. त्यात त्यांची काही चूक नाही. आमच्याही गावात असंच सांगतात.

स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्यांची नावं राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. ते २०१९ च्या फेब्रुवारीत झालं आणि इंडिया गेटच्या अगदी पाठीमागे आहे. २०२२ मध्ये कमानीखालची ज्योतही तिथल्या ज्योतीत विलीन केली. एकात एक अशी चार चक्रं आहेत: अमर, वीरता, त्याग आणि रक्षक. तुम्हाला त्याग चक्रात जायचंय. त्याच्या सोळा भिंती आहेत, आणि एकेका शिळेवर एकेका जवानाचं नाव सोन्याच्या अक्षरांत. तिकीट नाही.

घरून निघायच्या आधी स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधून कुठल्या भिंतीवर आहे ते लिहून न्या. तिथे जाऊन हजारोंत शोधत बसायला लागू नये. मामांचा सैनिक क्रमांक आणि पलटण माहीत असेल तर उत्तम, कारण एका नावाचे पुष्कळ असतात. फोटोच्या मागे किंवा जुन्या पेन्शनच्या कागदावर क्रमांक मिळेल. सूर्यास्ताच्या सुमाराला जा. रोज एका हुतात्म्याच्या घरचं माणूस बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात, ते आईंना बघता येईल.

काही अडलं तर व्यक्तिगत निरोप करा. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीचा.

शेवंती | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:३०
काका, क्रमांक पेन्शनच्या पासबुकात होता. आजीच्या ट्रंकेत. सापडलं नाव.

करोलबागी | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:४५
शनिवारची संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवा. त्या दिवशी आणखी काही घालू नका.

सदाफुली | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:००
अक्षरधामचा हट्ट मागे.

शेवंती | २४ फेब्रुवारी, रात्री ११:१०
आलो. सोळापैकी पाच पाहिली, आणि यादीत नसलेली दोन.

शनिवारी सकाळी लाल किल्ला. नवऱ्याने दिवाण-ए-खासखाली उभं राहून मुलाला छताची गोष्ट सांगितली. मुलाचा प्रश्न: 'मग पगार झाला का त्यांचा?' बुराडीघाट, उत्तर तुम्ही द्या. किल्ल्याच्या आतल्या इंग्रजी बराकींत सुभाषबाबूंचं संग्रहालय आहे, आझाद हिंद सेनेवरचा खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात चालला. तिथे आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त रमलो. चांदनी चौकात मात्र फसलो. ई-रिक्षावाल्याने 'जामा मशीद' म्हणून बसवलं आणि साड्यांच्या दुकानापाशी नेऊन सोडलं. आईने त्याला अस्सल मराठीत जे काही सुनावलं त्यातला एक शब्द त्याला कळला नसेल, पण त्याने निमूट परत आणून सोडलं. दौलत की चाट मिळाली. तिखटजाळ, तुम्हाला साष्टांग. आई दमली म्हणून तिच्यासोबत मी हॉटेलवर गेले, नवरा आणि मुलगा अलीपूर रोडला जाऊन आले. मुलगा आल्यावर बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, 'एवढी पुस्तकं एका माणसाने?'

संध्याकाळी विजय चौकातून निघालो. एक गंमत सांगायची राहते: लांबून राष्ट्रपती भवन दिसतं, आणि जसजसं जवळ जाल तसतसं ते टेकडीआड बुडतं, चौकात तर घुमटच तेवढा उरतो. रस्त्याच्या चढावरून लट्येन्स आणि बेकर या दोन वास्तुकारांचं जन्माचं भांडण झालं होतं म्हणे. आम्ही मुद्दाम पुढे-मागे चालून पाहिलं, तिथला पोलीस हसत होता.

समर स्मारकावर भिंत क्रमांक हातात होता, तरी शिळा शोधायला दहा मिनिटं लागली. मुलाला सापडली. आईच्या डोक्याच्या बरीच वर होती. तिने हात पुरतो का बघितला, पुरला नाही. रडली वगैरे नाही. पिशवीतून रुमालात बांधलेले दोन तिळाचे लाडू काढले, पण तिथे काही ठेवता येत नाही हे तिचं तिलाच कळलं, परत बांधले. मग नातवाला म्हणाली, वाच. त्याने मामाचं नाव वाचलं. म्हणाली, बाजूचं पण वाच. त्याच्या खालचं पण. असं करत त्याने अख्खी ओळ वाचली. तिला प्रत्येक नावाला 'कुठला असेल रे' असं विचारायचं होतं, आणि ते काही शिळेवर नव्हतं. तासाभराने मीच म्हटलं, थंडी वाजेल. लाडू तिने परतीच्या वाटेवर फाटकापाशी उभ्या असलेल्या जवानाला दिले. ड्यूटीवर खाता येत नाही म्हणाला, पण घेतले.

रविवारी हुमायूनची कबर. आई चौथरा चढली! आम्ही नको म्हणत होतो. वर जाऊन म्हणाली, 'ताजमहालाची कच्ची वही आहे की ही.' १८५७ मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागला हे ऐकल्यावर मात्र तिला बादशहाचीच दया आली. कुतुबला मिनारापेक्षा मुलाला लोखंडी खांब आवडला. दीड हजार वर्षांहून जुना, सात मीटरच्या वर, आणि गंज नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक पातळ थर धरतो आणि तोच आतलं लोखंड राखतो, असं तिथे एक आजोबा आपल्या नातीला समजावत होते. आम्ही कान देऊन ऐकलं. पाठ लावून हात मागे गुंफायची हौस मात्र कुंपणामुळे राहिली.

लोटस टेंपल, जंतरमंतर, सरोजिनी नगर सगळं राहिलं.

तळबीडकर_निवृत्त | २५ फेब्रुवारी, सकाळी ५:४०
आईंना माझा जय हिंद सांगा. ड्यूटीवरच्या पोराने लाडू घेतले ते बरं केलं.

बुराडीघाट | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:००
तुमच्या मुलाला सांगा, पगार पुरता झाला नाही.

चिंचेचं_झाड | २६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०
छान धागा. आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय, हीच योजना चालेल ना?

करोलबागी | २६ फेब्रुवारी, दुपारी १२:३५
नाही. पंधरा ऑगस्टच्या आधी तयारीसाठी किल्ला बंद असतो, आणि उकाड्यात कुतुबला दुपारी नेलंत तर घरचे बोलणार नाहीत तुमच्याशी. सोबत कोण आहे, किती वयाचं आहे ते लिहून नवा धागा काढा.